एक डिस्क गेली तेव्हा

पोथीची नक्कल करणे हे आपल्याकडे पूर्वी पुण्यकर्म मानीत. त्यात भक्ती होती, तसा व्यवहारही होता. वाळवीला, ओलीला आणि आगीला पोथीतले तत्त्वज्ञान कळत नाही. ज्या ग्रंथाच्या नकला चार गावी गेल्या तो तगला. ज्याची प्रत एकाच घरी राहिली, तो त्या घराच्या दैवावर राहिला.

हे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या शिरवळच्या घरातील 'नॅस' नावाची एक काळी पेटी. घरातले सगळे संगणक आणि मोबाइल आपापला ऐवज तिच्यात ठेवतात. आमचा ऐवज म्हणजे फोटो, घरखर्चाचे हिशेब, आणि नीरेकाठच्या खेड्यांतून हिंडून मी ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या. हिशेब पुन्हा मांडता येतील. पण ओव्या म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जणी आता हयात नाहीत.

गेल्या श्रावणात एका रात्री पेटी एकाएकी पिकपिक करू लागली. हिरवा दिवा तांबडा झाला. आतील दोन हार्ड डिस्कपैकी एक बंद पडली होती.

"अहो, ओव्या गेल्या का हो?" सौ.चा पहिला प्रश्न.

गेल्या नव्हत्या. एका डिस्कवर जे लिहावे तेच दुसरीवरही उमटावे, अशी या पेटीत सोय असते. तिला 'रेड १' म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी आपल्या निबंधात अशा रचनांना हे नाव आणि क्रमांक दिले. डिस्क कधी ना कधी मरणारच, असे धरूनच ही मांडणी केलेली आहे. ते खरेही आहे. आतल्या चकत्या मिनिटाला पाच हजारांहून अधिक फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते!

अशा वेळी हात शिवशिवतात; पण घाई करू नये. आता सारा भार उरलेल्या डिस्कवर. म्हणून आधी ओव्या एका निराळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मग पेटीने सांगितलेला मृत डिस्कचा क्रमांक तिच्या अंगावरील क्रमांकाशी ताडून पाहिला. चुकून जिवंत डिस्क उपसली, तर होते नव्हते ते संकटात! नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. लहान असली तर पेटी ती घेत नाही. पुण्याहून मागवलेली चार टेराबाइटची डिस्क खणात सरकवली आणि नक्कल सुरू झाली. सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरला, तरी साडेसात तासांचे काम. तेवढा वेळ जुनी डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. दोघी एकाच वयाच्या. तेव्हा हीच वेळ नाजूक. पहाटे दिवा हिरवा झाला आणि घरात चहा झाला.

तरीपण वाचकहो, आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. तुम्ही एखादी वस्तू पुसली, तर दोन्ही डिस्क ती तत्परतेने पुसतात. चोर नेईल तो पेटीच नेईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, ते एका कपाटातल्या दोन प्रतींना निराळा न्याय देणार नव्हते. उलट, आमच्या शेजारच्या वाईत राजवाड्यांना पानिपतच्या काळातील पत्रे सापडली. १८९८ मध्ये ती छापली गेली आणि घरोघरी, गावोगावी पोहोचली. आता त्यांना एका घराची भीती राहिली नाही.

म्हणून यंदा भाऊबीजेला सांगलीच्या बहिणीच्या ताटात मी साडीबरोबर एक छोटी डिस्क ठेवणार आहे. ओवाळणी म्हणून तिला ती विचित्र वाटेल. पण तिच्यात आमच्या आजीच्याही ओव्या आहेत, हे कळल्यावर ती साडी आधी उलगडील की डिस्क, हे सांगायला नको.