छान आहे!

अड्यारला बदली होऊन आल्यावर मी दिवंगत वडिलांवर एक मराठी रॉक गाणे रचले आणि घरीच संगणकावर ध्वनिमुद्रित केले. मायक्रोफोनला पंख्याची घरघर चालत नाही. चेन्नईच्या उकाड्यात पंखा बंद करून गाणे म्हणजे काय, ते गायल्यावाचून कळायचे नाही! याच शहरात, कोडंबाक्कमला, ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये घराच्या आवारात ध्वनिमुद्रणालय उभारले आणि ‘रोजा’चे (१९९२) संगीत तेथे घडले, एवढाच काय तो धीर.

आप्तमित्रांचा अभिप्राय एकमुखी होता : ‘छान आहे!’ शाखेच्या तपासणी अहवालात नुसता असा शेरा आला, तर आम्ही अधिकारी आधी सुखावतो, मग साशंक होतो.

आईने मात्र दोनदा ऐकले आणि विचारले, “बाबांवरचे गाणे ना रे हे? मग बाबा ऐकू का येत नाहीत?”

शब्द गिटारखाली गाडले गेले होते. उच्चारांची स्पष्टता बव्हंशी दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. रॉक गिटारचा खरखरीत नादही तेथेच दाटतो. मला शब्द पाठ, म्हणून ते ऐकू येत असल्याचा भास! त्या पट्ट्यात गिटार थोडी उतरवली.

मग शेजारच्या मृदंगशिक्षकांना गाठले. ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘कोठे खटकले?’ असे विचारले. त्यांना मराठीचा गंध नाही. मांडीवर ताल धरून ते ऐकत होते. दुसऱ्या कडव्यात हात थबकला. “येथे आपण घाई केलीत.”

ते कडवे रविवारी पुन्हा गायचे आहे. पंखा बंद करून.