ऑक्सिजन सिलिंडर: रंग पाहावा, पण लेबल वाचावे

दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या अनेक ज्येष्ठांच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तो भरून आला की नळी जोडण्याची घाई असते. काळा देह आणि पांढरा खांदा एवढे पाहिले की घरच्यांची खात्री पटते. भारतीय मानकानुसार वैद्यकीय ऑक्सिजनची खूण तीच आहे, हे खरे. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड निळ्या सिलिंडरात येतो. परंतु रंग ही दुरून ओळखण्याची सोय आहे. आतील वायू कोणता, हे लेबलच सांगते.

रंग उडतो आणि नव्याने चढवलाही जातो. २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत तुटवडा पडला तेव्हा, नायट्रोजन व अरगॉन यांचे औद्योगिक सिलिंडर वैद्यकीय ऑक्सिजनसाठी वापरण्यास केंद्र सरकारने परवानगी दिली होती. त्या काळात ते योग्यच होते. पण सिलिंडरचा देह एका वायूचा आणि पोटातील वायू दुसरा, असे घडू शकते, हे त्यातून दिसले. शिवाय रंगांचे संकेत देशागणिक बदलतात. अमेरिकेत ऑक्सिजनची खूण हिरवी आहे, त्यामुळे तेथे मुलांकडे राहून आलेल्या आजी-आजोबांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

चुकीचा वायू आला तर रुग्णाला कळणार नाही का? येथेच खरा धोका आहे. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि अरगॉन या तिघांनाही रंग नाही, वास नाही. आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. नायट्रोजन श्वासात गेला तर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर पडतच राहतो. म्हणून तक्रार करण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते.

या बाबतीत समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांची शिस्त अनुकरणीय वाटते. ज्यादा ऑक्सिजन असलेले मिश्रण वापरताना ते टाकीतील ऑक्सिजनचे प्रमाण उपकरणाने स्वतः मोजतात आणि ते प्रमाण, तारीख, बुडीची कमाल खोली व तपासणाऱ्याची आद्याक्षरे चिकटपट्टीवर लिहून ती टाकीवर लावतात. दुकानदाराच्या शब्दावर ते विसंबत नाहीत.

घरी वायू मोजता येत नाही, पण वाचता निश्चित येतो. लेबलवर ‘ऑक्सिजन आय. पी.’, म्हणजे भारतीय औषधकोशाप्रमाणे, असा उल्लेख, भरणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख असावी. लेबल नसेल, फाटलेले असेल किंवा एकावर एक चिकटवलेले असेल, तर सिलिंडर परत करावा. पुरवठादार कितीही ओळखीचा असो. लहान सिलिंडरच्या झडपेवर वायूनुसार ठरावीक जागी दोन छिद्रे असतात, आणि रेग्युलेटरच्या खुंट्या तेथेच बसतात. त्या बसत नसतील तर जोर लावू नये, खुंटी तर मुळीच घासू नये. ती अडचण मुद्दाम ठेवलेली आहे.

याखेरीज आपली एक पट्टीही सिलिंडरवर लावावी. तीवर जोडल्याची तारीख व वेळ, आणि डॉक्टरांनी सांगितलेला प्रवाह लिहावा. दहा लिटर क्षमतेच्या, १५० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरात सुमारे १,५०० लिटर वायू असतो; मिनिटाला २ लिटर प्रवाहाने तो साधारण १२ तास पुरतो. ही वेळ लिहिलेली असली की रात्रीची धावपळ टळते. प्रवाह मात्र मनाने वाढवू नये. फुप्फुसाच्या जुनाट विकारात जादा ऑक्सिजनही घातक ठरू शकतो. संपलेल्या सिलिंडरवर ‘रिकामा’ अशी चिठ्ठी लावून तो वेगळ्या जागी उभा बांधून ठेवावा.

नवा सिलिंडर जोडल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून जवळ बसावे. आकडा उतरू लागला तर नळी ताबडतोब काढावी, दुसरा खात्रीचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर जोडावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. काढलेला सिलिंडर लेबलासह तसाच बाजूला ठेवावा. डॉक्टर आल्यावर तो त्यांना दाखवावा लागेल.