पोल गेला, वारा पुढे आला

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. फायरबॉल या दोन माणसांच्या होडीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तिथे भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पीटर मिल्न यांनी १९६२ साली आखलेली ही चपट्या नाकाची होडी पाच मीटरांहूनही थोडी कमी लांबीची. मागचा सुकाणू धरणार, पुढचा तारेला लटकून तोल सांभाळणार आणि वारा पाठीशी आला की दोघं मिळून स्पिनेकर उघडणार. गेल्या चार दशकांत छोट्या शर्यतीच्या होडीवर जे काही बदललं, त्यात सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती या रंगीत शिडाची आणि ते हाताळायच्या रीतीची.

स्पिनेकर मुळात जुना. १८६० च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सोलंटमध्ये तो शर्यतींत दिसू लागला. १९३७ च्या अमेरिका कप शर्यतीत ‘रेंजर’ या अजस्र नौकेवर सुमारे १८,००० चौरस फुटांचा स्पिनेकर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, कापड हलकं झालं, आणि मंद वाऱ्यातही फुगणारं शीड छोट्या होड्यांच्या आवाक्यात आलं. पण उभारणीचं तंत्र तेच राहिलं: दोन्ही बाजू सारख्या असलेलं शीड, आणि त्याचा एक कोपरा बाहेर धरून ठेवणारा पोल.

या पोलच्या स्पिनेकरचं निम्मं काम किनाऱ्यावरच होतं. वरच्या टोकापासून दोन्ही कडा हातातून सरकवत खालच्या कोपऱ्यांपर्यंत यायचं, कुठे पीळ नाही ना ते बघायचं, आणि तिन्ही टोकं वर ठेवून शीड पिशवीत कोंबायचं. वरच्या टोकाला हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर; खालच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक दोर. हे दोर डोलकाठीला आधार देणाऱ्या सगळ्या तारांच्या बाहेरून फिरवून आणावे लागतात. एकही दोर चुकून आतून गेला, तर पाण्यावर शीड वर जाताना अडकतं आणि तोवर बाकीच्या होड्या पुढे निघून जातात.

वाऱ्याकडच्या खुणेला वळसा घातला की पुढचा माणूस तारेवरून आत येतो. पोलचं एक टोक वाऱ्याच्या बाजूच्या दोरात, मध्ये वर-खाली ओढणारी दोरी, दुसरं टोक डोलकाठीच्या कडीत. तेवढ्यात मागच्याने हॅलयार्ड सपासप ओढलेला असतो. मग सुरू होतं खरं काम. पोल अंगाला लागणाऱ्या वाऱ्याशी साधारण काटकोनात हवा, आणि त्याची उंची अशी की शिडाचे खालचे दोन्ही कोपरे एका पातळीत यावेत. दुसऱ्या बाजूचा दोर, म्हणजे शीट, हळूहळू सोडत राहायचं, वाऱ्याकडची कड खांद्यापाशी किंचित आत दुमडेपर्यंत. ती दुमडली की टीचभर ओढायचं, पुन्हा सोडायचं. नजर त्या कडेवरून हलता कामा नये. ज्याचं शीट एकाच जागी ठाम बसलेलं दिसतं, त्याचं शीड बहुतेक वेळा जास्त ओढलेलं असतं.

सगळ्यात अवघड जाइब, म्हणजे पाठीचा वारा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेत वळणं. सुकाणू गुडघ्यांत धरून मागचा दोन्ही दोरांनी शीड फुगतं ठेवतो. पुढचा पोल डोलकाठीवरून काढतो, मोकळं टोक नव्या बाजूच्या दोरात अडकवतो, पोल पलीकडे ढकलतो आणि जुनं टोक सोडवून डोलकाठीला लावतो. हे सगळं डुलत्या होडीत, काही सेकंदांत. त्यात शीड मिटलं तर ते पुढच्या तारेभोवती गुंडाळलं जातं आणि सोडवता सोडवता नाकीनऊ येतात.

हा पोलच नको, असा विचार सिडनी बंदरातल्या अठरा फुटी स्किफ होड्यांवर रुजला. तिथे शिडं मोठी आणि पोल लांबलचक असत. १९८० च्या दशकात जुलियन बेथवेट आणि अँड्र्यू बकलंड यांनी होडीच्या नाकातून पुढे काढलेल्या दांड्याच्या टोकाला शीड बांधलं, तेही दोन बाजू असमान असलेलं. जाइब करताना आता एक दोर सोडायचा आणि दुसरा ओढायचा, एवढंच.

सोय झालीच, पण खरी किमया वाऱ्याची होती. बारा नॉट वाऱ्यात होडी सरळ वाऱ्याबरोबर पाच नॉटने पळाली, तर शिडाला लागतो फक्त सात नॉट वारा. तिरकं धावलं की चित्र पालटतं. लोकलच्या दारात उभं राहिलं की बाहेर वारा कुठूनही वाहो, तोंडावर तो समोरूनच येतो; तसंच होडीचा वेग वाढला की शिडाला लागणारा वारा पुढे सरकतो आणि वाढतो. असमान शीड हा वारा पुढच्या कडेने आत घेऊन मागच्या कडेने बाहेर सोडतं. नागमोडी वाटेने अंतर वाढतं, पण हलक्या होडीत वेग त्याहून जास्त वाढतो.

पुढे सगळं भराभर घडलं. अमेरिकेत जे-१०५ आणि मेल्जेस-२४ या किलबोटी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असाच दांडा घेऊन आल्या. बेथवेट यांचीच फोर्टीनाइनर २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरली. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये चिंगदाओला याच होडीच्या पदकाच्या शर्यतीआधीच डेन्मार्कच्या योनास वॉरर आणि मार्टिन किर्केटर्प इब्सेन यांची डोलकाठी मोडली. क्रोएशियाच्या जोडीने आपली होडी दिली. ती घेऊन दोघं उशिरा सुटले आणि जोरदार वाऱ्यात होड्या उलटत असतानाही सुवर्ण घेऊन आले.

भारतातही हे स्थित्यंतर झालं. तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ अशी तीन ऑलिंपिक पोल असलेल्या ४७० होडीतून खेळले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मात्र वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर यांचं रौप्य फोर्टीनाइनर-एफएक्समधलं होतं, तर वरुण ठक्कर आणि के. सी. गणपती यांचं कांस्य फोर्टीनाइनरमधलं. ठक्कर-गणपती पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकलाही गेले.

पोल गेल्याने काम सोपं झालं, हे अर्धंच खरं. फोर्टीनाइनरमध्ये पुढचा माणूस तारेवर उभा राहून शीट हातातच खेळवत असतो. झुळूक आली आणि त्याने क्षणभर उशीर केला, तर नाक पाण्यात घुसतं आणि होडी उलटते. शिडाची दुमडणारी कड इथेही तेच सांगते, फक्त जास्त घाईने. उलट पोलच्या होडीला वाऱ्याबरोबर जवळजवळ सरळ जाता येतं. मंद वाऱ्यात, भरती-ओहोटीच्या ओढीत ही मुभा मोलाची असते. हे कसब नामशेष व्हावं इतकं जुनाट मुळीच नाही.

तसं ते झालंही नाही. २०२४ मध्ये मार्सेलच्या पाण्यावर ऑलिंपिकमधली ४७० प्रथमच स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोडीची झाली. ऑस्ट्रियाच्या लारा फाडलाउ सुकाणूवर आणि लुकास मेहर तारेवर, अशा जोडीने सुवर्ण जिंकलं. फोर्टीनाइनरच्या शर्यतीही तिथेच झाल्या, नाकातून पुढे आलेल्या दांड्यांसह. ४७० मध्ये मात्र मेहर यांना दर जाइबला पोल काढून पलीकडे लावावा लागत होता.