खुर्ची आपली, आवाज कुणाचा?

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव. पण धरण उशाला असले तरी मराठवाड्यात नळ आधी कुठल्या वस्तीत जाणार, हे बहुधा वाड्यावरच ठरत आले. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि राखीव जागेवर आपली माणसे सरपंच होऊ लागली. नव्या सरपंचापुढे दोनच नमुने असतात : पाटलासारखे दरडावणे, नाहीतर दुसरा सांगेल तिथे सही ठोकणे. आम्ही म्हणतो, दोन्ही गुलामीच!

बाबासाहेब १९४२ साली व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार समोरासमोर बसले. हुकमापेक्षा चर्चा, ही त्यांची रीत.

नव्या सरपंचाने हेच करावे. बायांना मजुरीवरून परतल्यावर येता येईल अशा वेळी ग्रामसभा घ्यावी. ठराव वाचल्याशिवाय सही करू नये. स्वभाव मऊ असेल तर मऊच बोलावे, पण इतिवृत्तात पक्के लिहावे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध इशारा दिला. म्हणून सरपंचाभोवती भक्त नकोत, हिशेब मागणारे गावकरी हवेत.