कॅम्पर ओढायला पेट्रोल पिकअप घेताय? आधी दारावरचं स्टिकर वाचा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग.

अमेरिकेत डेन्व्हरला राहणाऱ्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. उन्हाळ्यात त्याचे आई-बाबा पुण्याहून येतायत. सगळ्यांना घेऊन कॅम्परने डोंगरात फिरायचंय. तो म्हणतो, "डीलर सांगतोय, हा गॅस ट्रक 11,000 पौंड ओढतो. कॅम्पर भरून 7,000 पौंडांचा. शनिवारी सही करू ना?"

माझं उत्तर : जरा थांब.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे कॅम्पर म्हणजे लग्नातला पाण्याचा जार, आणि पिकअप म्हणजे भाजी घेऊन मार्केटला जाणारी बोलेरो. तिकडे कॅम्पर म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर : बेड, ओटा, बाथरूम सगळं आत. आणि 'गॅस' म्हणजे सिलिंडर नाही, पेट्रोल.

आता खरा मुद्दा. जाहिरातीतला 11,000 चा आकडा म्हणजे ओढण्याची क्षमता. पण कॅम्पर नुसता मागून ओढला जात नाही, तो ट्रकच्या पाठीवर दाबही देतो. हा दाब कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के असावा लागतो. त्याहून कमी ठेवला तर कॅम्पर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि ते फार धोक्याचं. म्हणजे हा दाब टाळता येत नाही. ट्रकला तो पेलावाच लागतो.

ट्रक किती पेलेल, ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं : माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. यालाच पेलोड म्हणतात. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर हा आकडा वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह यांचं वजन त्यातूनच वजा होतं. म्हणून वेबसाइटवरचा आकडा धरू नका. जो ट्रक घेणार, त्याचंच स्टिकर वाचा.

समजा स्टिकरवर 1,600 पौंड आहे. हिशेब करू :

कॅम्परचा दाब, 7,000 चे 13 टक्के : 910
चार मोठी माणसं आणि एक लहान मूल : 640
जोडणीचा हिच : 80
कूलर, खुर्च्या, बॅगा : 150
एकूण : 1,780

झालं! ओढण्याची क्षमता 4,000 पौंड शिल्लक, आणि पेलोड 180 पौंडांनी ओलांडला. आई-बाबा नसते तर जमलंही असतं. पण ट्रिप तर त्यांच्यासाठीच आहे ना!

मग रस्ते दोन. एक, कॅम्पर लहान घ्या. भरून 5,000 पौंडांचा घेतला तर दाब 650 वर येतो आणि बेरीज 1,520 होते. बसतं, पण काठावर. दुसरा, एक पायरी वरचा ट्रक : फोर्ड एफ-250, शेवरले सिल्व्हराडो 2500, राम 2500 या वर्गातला. इथे पेट्रोलचा एक फायदा होतो. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे त्याच ट्रकमध्ये पेट्रोल इंजिन असेल तर पेलोड सहसा जास्त मिळतो. किंमतही हजारो डॉलरनी कमी.

आणि कॅम्परचं वजन मोजताना ब्रोशरमधलं 'कोरडं' वजन धरू नका. त्यात पाणी नसतं, तुमचे तांदूळ-डाळ-कुकर नसतात. 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड वाढलेच.

आता इंजिन. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 ने गेलात की आयझेनहॉवर बोगदा लागतो, उंची 11,000 फुटांच्या वर. तिथे हवा विरळ. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावतं. म्हणजे 400 हॉर्सपॉवरचं इंजिन तिथे जेमतेम 270 चं उरतं. टर्बो इंजिनाचं नुकसान बरंच कमी. उदाहरणार्थ एफ-150 मधलं 3.5 लिटरचं इकोबूस्ट. पण लक्षात ठेवा, टर्बोने पेलोड वाढत नाही.

चढापेक्षा उतार महत्त्वाचा. बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नकडे लांबलचक उतार आहे. सतत ब्रेक दाबून ठेवलात तर ते तापून निकामी होतात. टो-हॉल मोड लावा, खालचा गिअर ठेवा, इंजिनालाच गाडी धरू द्या. कॅम्परच्या स्वतःच्या ब्रेकसाठी ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर हवाच. घेताना विचारून घ्या.

पेट्रोलचा तोटा? कॅम्पर जोडला की मायलेज जवळपास निम्मं होतं. वर्षातून चार-पाच ट्रिपा असतील तर परवडतं. महिनोन्‌महिने रस्त्यावरच राहायचं असेल तर डिझेलचा विचार करा.

तर शनिवारी डीलरकडे जा, पण पेनाऐवजी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. दार उघडा, स्टिकरचा फोटो घ्या आणि बेरीज करा. बेरीज बसली, तरच सही.

तुमचे आकडे मला व्हॉइस मेसेजने पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये मिळून हिशेब करू. भेटूया!