जमिनीची पारख : नकाशा आणि खड्डा

कोणत्या जमिनींत कोणतें पीक घ्यावें, हा प्रश्न अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील शेतकऱ्यास फार जपून सोडवावा लागतो. अकोले तालुक्याचा डोंगरी पश्चिम भाग सोडल्यास जिल्ह्याचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेंत येतो. पाऊस वर्षास सुमारें 500 ते 600 मिलिमीटर, आणि तोही बेभरंवशाचा. अशा प्रदेशांत पडलेलें पाणी जमीन किती धरून ठेवते, यावर पिकाचें जगणें अवलंबून असतें.

हें पाणी मुख्यतः मातीच्या खोलीवर ठरतें. एक मीटर खोलीची भारी काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असें सुमारें 150 ते 200 मिलिमीटर पाणी सांठविते. तीच माती मुरमावर वीतभर असली, तर जेमतेम 40 मिलिमीटर पाणी राहतें. म्हणून वितीहून उथळ बरड गवतास व बोरीसारख्या झाडांस द्यावें; वीत ते हातभर, म्हणजे सुमारें 22 ते 45 सेंटिमीटर खोलीच्या जमिनींत बाजरी, मटकी, हुलगा घ्यावा; आणि रब्बी ज्वारीस त्याहून खोल जमीन राखावी.

परंतु केवळ खोलीवर भिस्त ठेवून चालत नाहीं. खोल काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो. भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊस वाढला. जेथें पाटाचें पाणी सढळ व निचरा कमी, तेथें भूजल वर येतें. पाणी उडून जातें व क्षार मागें राहतात. हा धोका जुनाच आहे. नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांचा अहवाल 1910 सालींच प्रसिद्ध झाला होता. राजस्थानच्या वाळवंटांतही इंदिरा गांधी कालव्याखालीं कांहीं ठिकाणीं वाळूच्या पोटांतील कठीण थरावर पाणी सांचून शेतें दलदलीचीं झालीं. वरची माती पाहून खालच्या थराचा अंदाज होत नाहीं, हाच दोन्हींकडील धडा होय.

आतां ही पारख करण्यास उपग्रहाची मदत मिळते. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांतील एक ठिपका 10 मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा असतो. रब्बीचीं पिकें निघाल्यावर, चैत्र-वैशाखांत रान मोकळें असतां घेतलेल्या चित्रांत क्षारांची पांढरी पापुद्री चमकते, मुरमाड माळ फिकट दिसतो व काळी जमीन गडद दिसते. यावर उतार, ओढे, पाऊस व मातीचे नमुने यांची माहिती एकावर एक ठेवून पीकयोग्यतेचा नकाशा तयार होतो. त्यांत सर्वांत उणा गुण निर्णायक मानावा लागतो. खोली उत्तम पण निचरा वाईट, अशी जमीन बागेस अयोग्यच.

मात्र उपग्रहास मातीचा वरचा पापुद्राच दिसतो. खोली ही उतारावरून व नमुन्यांवरून अनुमानिलेली असते. शिवाय नकाशाचें प्रमाण पाहावें. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्थेनें महाराष्ट्राचा मृदा-नकाशा 1 : 5,00,000 या प्रमाणावर काढला आहे. त्यावरील एक चौरस सेंटिमीटर म्हणजे 2,500 हेक्टर! तो राज्याच्या योजनेस उत्तम. पण एका गटांतील बांधाच्या अलीकडची व पलीकडची जमीन त्यावरून निवडतां येत नाहीं.

यास्तव शेतकरी बंधूंनीं नकाशा खड्डा कोठें खणावा हें ठरविण्यासाठीं वापरावा. गटांत रंग, उतार किंवा पिकाची वाढ जेथें बदलते, तेथें प्रत्येक भागांत निदान मीटरभर खोल खड्डा घ्यावा. मुरूम कितीवर लागतो, पाण्याचा ओलावा कोठें थांबतो, चुनखडीचे खडे कोठून सुरू होतात, हें लिहून ठेवावें. थराथराचे नमुने वेगळे करून माती परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावे. सामू 8.5 च्या वर व विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून अधिक निघाल्यास जमीन चोपण समजावी. चुनखडी 10 टक्क्यांवर गेल्यास लिंबू-मोसंबीची बाग लावूं नये. पानें पिवळीं पडून झाडें खंगतात. विहिरीची पाणीपातळीही पावसाळ्याअखेर मोजावी.

खड्ड्याची मजुरी एक-दोन दिवसांची असते. चुकीच्या जमिनींत लावलेली बाग मात्र तीन-चार वर्षें पाणी, खत व कर्ज घेऊन मगच आपला दोष दाखविते. लागवडीचा बेत करणाऱ्यानें रोपें सांगण्यापूर्वीं आपलें रान असें एकदां पोटांतून पाहून घ्यावें.