तालात बांधलेला संताप



घरातला तरुण मुलगा कानाला हेडफोन लावून मान हलवीत बसला, की आई हमखास विचारते, ‘‘हे गाणे आहे की भांडण रे?’’ मुलगा नुसता हसतो. वडील म्हणतात, ‘‘जाऊ दे, वय आहे त्याचे.’’ आणि विषय तिथेच संपतो. आम्हांस वाटते, तो तिथे संपू नये. आईचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते उत्तर शोधण्यासाठी आम्ही एकच अल्बम निवडला आहे. अमेरिकेतील ‘मशीन हेड’ या बँडचा ‘बर्न माय आईज’, म्हणजे ‘माझे डोळे जाळ’. हा त्यांचा पहिलाच अल्बम. तो ऑगस्ट १९९४ मध्ये रोडरनर रेकॉर्ड्स या कंपनीने बाजारात आणला. तीस वर्षे उलटून गेली, तरी या प्रकारच्या संगीताचे जाणकार त्याचे नाव आदराने घेतात. दर वर्षी शेकडो बँड येतात आणि विसरले जातात. मग हाच का टिकला?

ओकलंडची माती

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीपलीकडे ओकलंड हे बंदराचे शहर आहे. आपल्या वाचकांना ते अनोळखी नसावे. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापन केली, ती याच शहरात. त्या नावापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हा इतिहास आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे.

मशीन हेड ही मंडळी कृष्णवर्णीयांच्या चळवळीतून आलेली नव्हेत, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. गायक व गिटारवादक रॉब फ्लिन, दुसरा गिटारवादक लोगन मेडर, बास वाजवणारा अ‍ॅडम ड्यूस आणि ड्रमवादक क्रिस कोन्टोस हे चौघे त्या भागातील मेटल आणि पंक संगीताच्या वर्तुळात वाढलेले तरुण. फ्लिनने आधी ‘फॉरबिडन’ आणि ‘व्हायोलन्स’ या बँडांत काम केले होते. १९९१ साली मशीन हेडची जुळणी झाली. गिटारच्या तारा ताणण्याच्या खुंटीला इंग्रजीत मशीन हेड म्हणतात. तार किती ताणायची आणि किती सैल सोडायची, याचाच खेळ पुढे या अल्बमभर ऐकू येतो.

ग्रूव्ह म्हणजे काय?

ओकलंड-सॅन फ्रान्सिस्कोच्या या पट्ट्यातून १९८० च्या दशकात ‘थ्रॅश मेटल’ हा प्रकार जोमाने पुढे आला. मेटॅलिका, एक्झोडस, टेस्टामेंट ही त्यातली मोठी नावे. थ्रॅशचे सारे बळ वेगात होते. जो अधिक वेगाने वाजवील तो मोठा! पण वेगालाही मर्यादा असते. १९९० च्या सुमारास काही बँडांनी उलटा मार्ग धरला. ‘पँतेरा’चा ‘काउबॉइज फ्रॉम हेल’ आणि ‘एक्झॉर्डर’चा ‘स्लॉटर इन द व्हॅटिकन’ हे दोन्ही अल्बम १९९० चे. त्यांनी वेग कमी केला, वजन वाढविले आणि मधल्या थांब्यांना महत्त्व दिले. यालाच पुढे ‘ग्रूव्ह मेटल’ असे नाव पडले.

आपल्या वाचकांना हे समजावयास अवघड नाही. हलगी ऐका. नुसते भराभर बडविले तर गोंगाट होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये वाजवणारा क्षणभर थांबतो, अपेक्षित ठोका किंचित पुढेमागे करतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जातो. ग्रूव्हचे मर्म तेच. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावतात. उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर टेकवून आवाज दाबतात, म्हणजे सूर लांबत नाही, ठोका मारल्यासारखा तुटक येतो. गिटार येथे जवळजवळ चर्मवाद्य बनते. त्या गिटारला ड्रमवाल्याचे दोन्ही पाय साथ देतात. थांबा येतो, क्षणभर शांतता, आणि मग सगळे एकदम कोसळते.

‘बर्न माय आईज’चे पहिले गाणे ‘डेव्हिडियन’ याचा उत्तम नमुना आहे. ते कोन्टोसच्या ड्रमने सुरू होते. गिटार मागाहून येते, आणि जाड सुरांच्या मध्येच शिट्टीसारखा एक टोकदार स्वर काढून जाते. गाणे धावते, आणि शेवटाकडे येताना मुद्दाम मंदावते. वेग कमी होतो तसे वजन वाढत जाते. ‘ब्लड फॉर ब्लड’मध्ये जुन्या थ्रॅशचा वेग आहे. ‘नन बट माय ओन’ची सुरुवात अगदी हळुवार गिटारने होते. अकरा गाण्यांच्या सुमारे ५५ मिनिटांत ही चढ-उतार सांभाळलेली आहे.

त्यांनी काय पाहिले होते?

पण नुसत्या तालावर एखादा अल्बम तीस वर्षे टिकत नाही. या चौघांनी डोळे उघडे ठेवून आपल्या देशाकडे पाहिले होते, हे दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी रस्त्यावर अमानुष मारहाण केली. जवळच्या एका रहिवाशाने ती व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपली आणि साऱ्या जगाने दूरदर्शन संचावर पाहिली. २९ एप्रिल १९९२ रोजी निकाल लागला. खटल्यातील चारही पोलिसांपैकी एकालाही ज्यूरीने दोषी ठरविले नाही. जे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले, ते न्यायालयाला दिसले नाही! त्यानंतर शहर पेटले. त्या दंगलीत ६० हून अधिक माणसे मेली.

पुढच्या वर्षी टेक्सासमधील वेको येथे ‘ब्रँच डेव्हिडियन’ या पंथाच्या वसाहतीला सरकारी यंत्रणांनी वेढा घातला. डेव्हिड कोरेश नावाचा पंथप्रमुख भक्तांना आणि त्यांच्या मुलाबाळांना घेऊन शस्त्रांनिशी आत बसला होता. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी पहिल्याच चकमकीत चार सरकारी अधिकारी ठार झाले. वेढा ५१ दिवस चालला आणि १९ एप्रिलला वसाहतीला लागलेल्या आगीत ७० हून अधिक जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. एकीकडे भोळ्या लोकांना नादी लावणारा बुवा, दुसरीकडे बळाशिवाय दुसरी भाषा नसलेली सत्ता. मधल्यामध्ये मेली ती माणसे.

पहिल्या गाण्याचे ‘डेव्हिडियन’ हे नाव याच पंथावरून आले आहे. त्यात अमेरिकेच्या लाडक्या स्वातंत्र्यघोषाला बंदुकीच्या बाराचा आवाज जोडला आहे. ज्या स्वातंत्र्याची तुम्ही घंटा वाजवता, ते आज कोणत्या आवाजात ऐकू येते, असा तो बोचरा सवाल आहे. ‘अ नेशन ऑन फायर’ म्हणजे पेटलेला देश, ‘अ थाउजंड लाइज’ म्हणजे हजार असत्ये. नावे वाचली तरी रोख कळतो.

आणि मग येते ‘रिअल आईज, रिअलाइज, रिअल लाइज’. उच्चारायला जवळजवळ सारख्या असणाऱ्या तीन शब्दसमूहांचा हा खेळ आहे. अर्थ असा की, डोळे खरे असतील तर धडधडीत असत्य ओळखू येते. या तुकड्यात नेहमीसारखे गाणे नाही. वाद्यांच्या तालावर लॉस एंजेलिसच्या दंगलीच्या बातम्यांतील आवाज ऐकू येतात. गायक गप्प बसतो आणि घडलेल्या घटनेलाच बोलू देतो. साऱ्या अल्बमचे सार आम्हांस येथे सापडते. ‘माझे डोळे जाळ’ हे शीर्षकही मग वेगळे वाटू लागते. जे पाहिले ते सहन होत नाही, आणि न पाहिल्यासारखे करताही येत नाही.

पहिलेपणाचे बळ

ध्वनिमुद्रण बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत झाले. निर्माता होता कॉलिन रिचर्डसन हा इंग्रज. कारकस, नेपाम डेथ अशा जहाल बँडांचा आवाज स्वच्छ टिपण्यात त्याचा हात बसलेला होता. त्यामुळे या अल्बममध्ये कितीही आदळआपट असली, तरी प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते. आवाज मोठा आहे, पण गढूळ नाही.

काळही लक्षात घ्यावा. १९९४ साली अमेरिकेत ‘ग्रंज’ची लाट होती. मेटलचे दिवस संपले असे बोलले जाई. अशा वेळी या बँडला गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. कोणत्याही फॅशनच्या मागे न लागता त्यांनी आपल्याला जे सांगायचे ते सांगून टाकले. त्याच वर्षी ‘स्लेयर’सारख्या मोठ्या बँडबरोबर त्यांनी युरोपचा दौरा केला आणि तेथील तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे कोन्टोस गेला, मेडर गेला, ड्यूसही गेला. बँड बदलत राहिला, पण तो पहिला अल्बम मागे पडला नाही. २०१९ मध्ये २५ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मेडर आणि कोन्टोस पुन्हा फ्लिनच्या शेजारी उभे राहिले आणि संपूर्ण अल्बम त्यांनी रंगमंचावर वाजविला.

कसोटीचा प्रसंग

तरुणपणी रागावणे सोपे असते. वय वाढल्यावर, नाव झाल्यावर त्या रागाशी प्रामाणिक राहणे कठीण. तो प्रसंग २०१६ च्या जानेवारीत आला. ज्या पँतेराने ग्रूव्ह मेटलची वाट रुंद केली, त्याच बँडचा गायक फिल अँसेल्मो याने एका जाहीर कार्यक्रमात हिटलरी सलाम ठोकला आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा दिली. नंतर त्याने माफी मागितली, हेही नमूद केले पाहिजे. त्या वेळी रॉब फ्लिनने ‘मेटलमधील वर्णद्वेष’ या मथळ्याची चित्रफीत काढून त्याचा उघड निषेध केला. पँतेराची गाणी आपण यापुढे वाजवणार नाही, असे त्याने जाहीर केले. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्या विरुद्ध बोलणे, तेही आपल्याच बिरादरीत, याला काय लागते ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव एका पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला. पुन्हा एका सामान्य नागरिकाने ते टिपले, या वेळी मोबाईलवर. पुढच्याच महिन्यात मशीन हेडने ‘सिव्हिल अनरेस्ट’ या नावाने दोन नवी गाणी काढली. या वेळी मात्र ज्यूरीला दिसले. एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. रॉडनी किंगपासून फ्लॉइडपर्यंत २९ वर्षे गेली. १९९४ चा अल्बम आजही ताजा वाटतो, यात संगीतकारांचा गौरव आहे, तसे त्यांच्या देशाचे अपयशही आहे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

हा अल्बम सर्वांसाठी आहे असे आम्ही म्हणणार नाही. गाण्यांत शिव्या आहेत. लहान मुलांना तो ऐकवू नये. मधल्या काही गाण्यांत तोच तो आक्रोश कानाला थकवितो. शिवाय तो उपाय सांगत नाही. ओकलंडच्याच पँथरांनी घोषणा दिल्या, तसा १९६९ मध्ये गरीब मुलांसाठी मोफत न्याहारीचा उपक्रमही सुरू केला. रागाला काम जोडले, तरच माणसांचे जीवन बदलते. ते काम गाण्याचे नाही. गाणे फार तर डोळे उघडे ठेवायला लावते.

तेव्हा माता-पित्यांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी मुलाला ‘‘बंद कर ते’’ म्हणण्याआधी त्याच्या शेजारी पाच मिनिटे बसा. आवाज थोडा कमी करायला जरूर सांगा, कारण कान जपले पाहिजेत. मग विचारा, ‘‘हा माणूस कोणावर चिडला आहे रे?’’ मुलाला उत्तर देता आले तर तो नुसता गोंगाट ऐकत नाही. आणि देता आले नाही, तर दोघे मिळून शोधा. त्या निमित्ताने रॉडनी किंगचे नाव निघेल, ओकलंडचे निघेल, आणि बोलता बोलता गोष्ट १९७२ च्या मुंबईपर्यंतही येईल. ती सांगण्याचे काम मात्र तुमचे आहे.